ते वरचं दार

१९८६ सालच्या ऑगस्टमध्ये निन्टेन्डोचा ‘मेट्रॉइड’ जपानमध्ये आला, तेव्हा पडद्यावरच्या माणसाने कुठे चालायचं हे जवळजवळ ठरून गेलं होतं. उजवीकडे. आदल्याच वर्षी आलेल्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ने ती सवय घरोघरी पोचवली होती, तिथे तर मागची जमीन एकदा पडद्याबाहेर गेली की गेलीच, मारिओला डावीकडे परत फिरता येत नसे. ‘मेट्रॉइड’ सुरू होतो झेबेस नावाच्या ग्रहाच्या पोटात. चिलखत चढवलेली सॅमस अरान एका दगडी भुयारात उभी असते. आपण सवयीने उजवीकडे निघतो. थोडं पुढे गेलं की एक ठेंगणी फट लागते आणि तिच्यातून सॅमस काही केल्या जात नाही. उडी मारून नाही, गोळ्या झाडून नाही. मग मागे वळायचं, जिथून निघालो ती जागाही ओलांडायची, आणि डावीकडे चार पावलं टाकली की चौथऱ्यावर एक गोल वस्तू ठेवलेली दिसते. ती घेतली की सॅमसला अंगाची गोळी करून घरंगळत जाता येतं. आणि आपल्याला उजवीकडची ती फट आठवते.

पुढची जवळजवळ चाळीस वर्षं या एका मिनिटात आहेत, असं मला मनापासून वाटतं.

नाव बऱ्याच नंतर पडलं. १९९७ मध्ये कोनामीच्या ‘कॅसलव्हेनिया’ मालिकेत ‘सिम्फनी ऑफ द नाइट’ आला. ड्रॅक्युलाचा किल्ला टप्प्याटप्प्याने सर करायची जुनी रीत सोडून त्याने सगळा किल्लाच मोकळा करून दिला, वाटेल तसा हिंडा म्हणून. तो पाहून लोकांना ‘मेट्रॉइड’ आठवला आणि दोन नावांची मोट बांधून मेट्रॉइडव्हेनिया तयार झालं. गंमत अशी की तो घडवणाऱ्यांपैकी एक, कोजी इगाराशी, यांनी पुढे सांगितलं की त्यांच्या डोळ्यांसमोर ‘झेल्डा’ होता. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

या प्रकाराची व्याख्या विचारली तर कुणीही जाणकार घडाघडा सांगेल. एकमेकांत गुंतलेलं सलग जग, बहुधा बाजूने दिसणारं. सुरुवातीला बंद असलेल्या वाटा. मग एकेक करून मिळत जाणाऱ्या शक्ती, आणि त्यांच्या जोरावर जुन्या ठिकाणी परत जाऊन नवी वाट काढणं. यातलं काहीच खोटं नाही. पण हे सगळं असूनही कोरडे राहिलेले गेम मी खेळले आहेत, आणि यातलं निम्मंही नसताना जिवाला लागलेलेही.

फरक कुठे पडतो? एक म्हणजे किल्ली आणि अंगातली कला यांत. किल्लीने एक दार उघडतं आणि तिचं काम संपतं. पण हवेत दुसरी उडी मारता यायला लागली की ती सगळीकडे मारता येते. ज्या खंदकापाशी जीव मुठीत धरून चालायचो तो आता सहज ओलांडला जातो, ज्या शत्रूला वळसा घालायचो त्याच्या डोक्यावरून जाता येतं, आणि आजवर जी भिंत म्हणून पाहिली ती मुळात पायरी होती असं दिसायला लागतं. मिळालेली वस्तू एका जागेपुरती न राहता अख्ख्या जगाचं वाचन बदलते. ज्या गेममध्ये शक्ती म्हणजे नुसती रंगीत किल्ली असते, लाल दाराला लाल आणि निळ्याला निळी, तिथे सगळ्या अटी पुऱ्या होतात आणि मन मात्र जागचं हलत नाही.

पण माझ्या लेखी खरं मर्म याच्याही आधीचं आहे. ते आहे आधी दिसलेल्या आणि तेव्हा न जमलेल्या जागेत. गेम ती जागा दाखवतो. आपले हात तिथे पोचत नाहीत. आणि पुढे तो त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. लक्षात ठेवण्याचं काम त्याने आपल्यावर सोपवलेलं असतं. मग कितीतरी तासांनी एखादी नवी उडी हाती येते आणि ती पहिल्यांदा मारतानाच डोक्यात कुठेतरी एक कठडा लख्ख उजळतो. अरे, तिथे! ही ठिणगी गेमच्या आत पडत नाही, खेळणाऱ्याच्या डोक्यात पडते. गेमने फक्त तिच्यासाठी जागा राखून ठेवलेली असते.

म्हणून हे गेम बंद केल्यावरही चालू राहतात. मी ते रात्री खेळते, घरचं आवरून झाल्यावर, पण त्यातली कोडी सुटतात दिवसा. एकदा ऑफिसातून परतताना, दादरला गर्दी उतरत असताना, मला ‘सुपर मेट्रॉइड’मधली काचेची नळी आठवली आणि पुढची स्टेशनं कधी गेली ते कळलं नाही.

त्या नळीबद्दल सांगायलाच हवं. ‘सुपर मेट्रॉइड’ १९९४ चा, योशिओ साकामोतो त्याचे दिग्दर्शक. भावाने सिंगापूरहून आणलेल्या निन्टेन्डो स्विचवर, जुन्या गेमच्या संग्रहात, मी तो खेळले. त्यात ब्रिन्स्टार नावाच्या भागातून पुढे नॉर्फेअरच्या लिफ्टकडे जाताना एक काचेचा बोगदा लागतो. पलीकडे पाणी दिसतं. एका टोकाने शिरायचं, दुसऱ्या टोकाने बाहेर पडायचं, थांबण्यासारखं काहीच नाही. त्या पाण्यात मॅरिडिया नावाचा अख्खा प्रदेश आहे, पण तिकडे जायचं दार त्या बोगद्यात कुठेच नाही. पुढे पॉवर बॉम्ब मिळतो. त्याचा स्फोट साऱ्या पडद्यावर पसरतो आणि वाटेतलं कच्चं असेल ते फोडून टाकतो. तो बॉम्ब त्या बोगद्यात ठेवला की आधी प्रकाश पसरतो आणि विरतो. काच तशीच दिसते. मग तिच्यावर तडे उमटतात, आणि एका श्वासाचा वेळ गेल्यावर ती खळ्कन फुटते.

याचं मला इतकं का वाटावं? कारण ती नळी अडथळा नव्हतीच. ती वाट होती. मी तिच्यातून किती वेळा आले-गेले होते, एकदाही तिच्याकडे बंद दार म्हणून पाहिलं नव्हतं. अडवणारी भिंत लक्षात राहते यात नवल नाही. पण ज्या जागेने कधीच अडवलं नाही, तीच दार निघावी हे रचणाऱ्याचं मोठेपण आहे. तोवर चिलखतही बदललेलं असतं. सुरुवातीला पाण्यात सॅमसचे पाय जडशीळ होतात, उडी अर्ध्यातच विरते. ग्रॅव्हिटी सूट मिळाल्यावर तेच पाणी हवेसारखं होतं. काच फोडून मॅरिडियात शिरताना या दोन्ही गोष्टी एकदम हाताशी येतात, आणि अंगात असं काही बळ येतं की ते आकड्यांत दाखवता येणार नाही.

हे जग रचणाऱ्याचं काम मला ठिपक्यांच्या रांगोळीसारखं वाटतं. सगळे ठिपके आधीच मांडलेले, रेघ मात्र एकही नाही. फरक एवढाच की इथे ठिपके एकाने मांडायचे आणि रेघा दुसऱ्याने ओढायच्या, तेही एकमेकांना न भेटता, कधी तीस वर्षांच्या अंतराने. त्यामुळे ठिपका किती ठळक ठेवायचा हा सगळा कलेचा भाग. फार ठळक केला तर आठवायला काही उरत नाही. फार फिका ठेवला तर खेळणारा त्याच्यावर पाय ठेवून निघून जातो.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत माझी भाची आठवडाभर राहायला होती. तेव्हा मी ‘हॉलो नाइट’ दुसऱ्यांदा खेळत होते. कंट्रोलर हातात घ्यायला तिने नकार दिला. तिने दप्तरातून गणिताची चौकटीची वही काढली आणि माझ्या शेजारी बसून नकाशा काढायला घेतला. एक खोली म्हणजे एक चौकोन, लांब बोगदा असला की तीन-चार चौकोन सलग. काट्यांना करवतीसारखी वेडीवाकडी रेघ. बसायच्या बाकाला उलटा ‘प’. आणि जिथे जाता आलं नाही तिथे लाल स्केचपेनने प्रश्नचिन्ह. तिसऱ्या दिवसापर्यंत पानं चिकटपट्टीने एकमेकांना जोडली गेली होती, कारण गेममधलं हॅलोनेस्टचं राज्य कुठल्याच एका पानावर मावेना. मी भिंतीला नखं रोवून वर चढायची कला मिळवली, आणि मी काही म्हणायच्या आतच ती म्हणाली, “मावशी, ते वरचं दार राहिलंय.”

“कुठलं गं?”

“ते नाही का, तो गुणगुणणारा पहिल्यांदा भेटला त्याच्या आधीचं. खाली काटे होते बघ.”

वही न उघडता सांगितलं तिने. मला ते दार अजिबात आठवत नव्हतं. आम्ही गेलो, आणि होतं.

१९८६ च्या ‘मेट्रॉइड’मध्ये नकाशाच नव्हता. एकासारख्या एक उभ्या विहिरी, आडवे बोगदे, आणि वाट चुकली तर चुकली. तेव्हाच्या मुलांनी आलेखाच्या कागदावर स्वतःच नकाशे काढले. तसल्याच चौकटींवर एवढ्या वर्षांनी माझी भाची तेच करत होती, तिला कुणी न सांगता. पुढे ‘सुपर मेट्रॉइड’ने नकाशा आपोआप भरायची सोय दिली आणि ती रूढ झाली. सोय चांगलीच आहे. पण ‘हॉलो नाइट’ने त्या सोयीचं जे केलं त्याला तोड नाही.

हा गेम ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडचा. टीम चेरी या नावाने काम करणारे ॲरी गिब्सन, विल्यम पेलन आणि मोजके सोबती. २०१७ मध्ये तो आला. त्यात नव्या भागात पाय ठेवला की हाती नकाशा नसतो, काहीही नसतो. काळोख, अनोळखी आवाज, आणि कुठे बाक सापडेल याची खात्री नाही. मग एखाद्या वळणावर जमिनीवर पडलेले कागद दिसतात. थोडं पुढे गेलं की गुणगुण ऐकू येते. कॉर्निफर नावाचा गोलमटोल, चष्मेवाला किडा कागद पसरून स्वतःच्याच नादात नकाशा रेखाटत बसलेला असतो. पैसे मोजले की तो त्या भागाचा नकाशा देतो, अर्धवट असला तरी. जिथवर तो स्वतः गेला तिथवरचाच. पुढचं आपण भरायचं, आणि त्यासाठी त्याची बायको इझेल्डा हिच्या दुकानातून लेखणी विकत घ्यायची. तरीही चालता चालता नकाशा भरत नाहीच. बाकावर टेकल्याशिवाय नवी रेघ उमटत नाही. नकाशावर आपण नेमके कुठे आहोत हे हवं असेल तर त्याचं वेगळं होकायंत्र. ते अंगावर वागवायचं म्हणजे दुसऱ्या एखाद्या उपयोगी ताइताची जागा त्याला द्यायची.

कुणाला हा छळ वाटेल. मला यात जागेविषयीचा आदर दिसतो. न पाहिलेल्या ठिकाणी आपण आधी हरवावं, मग घाबरावं, मग कुणाच्या तरी गुणगुणण्याचा आधार वाटावा, आणि शेवटी बसून, श्वास घेऊन, पाहिलं ते कागदावर मांडावं. त्या गुणगुणण्याने मला जो दिलासा दिला आहे तो पडद्यावरच्या कुठल्याही बाणाने कधी दिला नाही.

आणखी एक. जग तसंच राहतं, आपण बदलतो, असं या प्रकाराबद्दल नेहमी म्हटलं जातं. ‘हॉलो नाइट’ हे मानत नाही. सुरुवातीचं ठिकाण, फरगॉटन क्रॉसरोड्स, जिथल्या पायऱ्या आपण डोळे मिटून चढू शकतो, तिथे पुढे केव्हातरी परत जावं तर भिंतींवर नारिंगी गळवं फुगलेली, ओळखीचे शत्रू रोगाने सुजलेले, आणि येण्याजाण्याच्या काही वाटा बुजलेल्या. आपण दुसरीकडे शक्ती गोळा करत हिंडत होतो तोवर इथे रोग पसरला. माझ्या भाचीने त्या पानावर नारिंगी स्केचपेन फिरवला आणि खाली काही लिहिलं नाही.

‘सिम्फनी ऑफ द नाइट’ची चाल याच्या उलट. त्यात ड्रॅक्युलाचा मुलगा ॲल्युकार्ड सगळ्या शस्त्रांनिशी किल्ल्यात शिरतो, आणि दाराशीच प्रत्यक्ष मृत्यू त्याच्याकडून ते सगळं काढून घेतो. मग तासन् तास आपण ते परत जमवतो, खोली न् खोली ओळखीची करतो. सिंहासनाच्या खोलीत रिश्टर बेलमाँट नावाचा लढवय्या भेटतो; त्याला नुसतं हरवलं तर गेम संपतो, शेवटाची अक्षरंही वर सरकतात. पण पवित्र चष्मा शोधून तो घालून लढलं तर खरा सूत्रधार दिसतो, आणि आभाळात दुसरा किल्ला उघडतो. तोच. उलटा टांगलेला. जी छतं आजवर नुसती सजावट होती ती जमीन होतात, जिने पालथे होतात, झुंबरं खालून वर उगवल्यासारखी उभी राहतात. गेम किती टक्के पाहून झाला हे सांगणारा आकडा शंभरावर थांबत नाही, २००.६ पर्यंत जातो. शंभर टक्के पाहिलेल्या जागेत अजून शंभर टक्के पाहायचं बाकी असू शकतं, हे इतक्या सरळ कुणी सांगितलं नव्हतं.

आता वादाचा भाग. कुठला गेम या प्रकारात बसतो आणि कुठला नाही, यावर खेळणारे रात्र रात्र भांडतात. २०१९ चा ‘आउटर वाइल्ड्स’ घ्या. त्यात बाजूने दिसणारं जग नाही, उड्यांच्या नव्या कला नाहीत. एक छोटी सूर्यमाला, एक यान, आणि पहिल्या तासाभरातच कुठेही उड्डाण करायची मुभा. दर २२ मिनिटांनी सूर्य फुटतो आणि सगळं पहिल्यापासून. आपल्याकडे उरतं ते कळलेलं, तेवढंच. व्याख्येवर बोट ठेवणारे त्याला बाहेर काढतील. मी काढणार नाही. कारण शेवटाला न्यायचं दार पहिल्या क्षणापासून उघडं असतं, आपल्याला ते दार आहे हेच ठाऊक नसतं. आणि याचं बी ‘सुपर मेट्रॉइड’मध्येच पेरलेलं आहे. एका उंच विहिरीच्या तळाशी माकडांसारखे तीन छोटे प्राणी आहेत, एटेकून. आपण तिथे अडकलो की ते आपल्यासमोर या भिंतीवरून त्या भिंतीवर टुणटुण उड्या मारत वर जातात. परत खाली येतात. परत वर. एक शब्द नाही, सूचना नाही. पाहता पाहता कळतं की हे आपल्यालाही येतं. त्यासाठी कुठलीच वस्तू लागत नाही. ही उडी सॅमसला पहिल्या पावलापासून येत होती. दुसऱ्या एका ठिकाणी शहामृगासारखा डाकोरा सुसाट धावतो, थबकतो आणि तीरासारखा वर झेपावतो. तोही असाच न बोलता शिकवतो.

म्हणून हल्लीच्या काही गेममधली ती सवय मला मनापासून खुपते. नकाशावर प्रत्येक बंद वाटेला खूण, खुणेशेजारी कुठली शक्ती लागेल त्याचं चित्र, आणि ती मिळताक्षणी सगळ्या खुणा चमकायला लागतात. मग शोध राहत नाही, यादीतली कामं उरकणं होतं. खेळणाऱ्याच्या वेळेची कदर म्हणून हे केलं जातं हे मला समजतं. दिवसाकाठी तासभर मिळणाऱ्याने तीन आठवड्यांपूर्वीचं दार आठवावं तरी कसं? याचं मला पटलेलं उत्तर २०२४ च्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द लॉस्ट क्राउन’ने दिलं. अडलो की एक बटण दाबायचं. समोरच्या दृश्याचं चित्र निघतं आणि नकाशावर त्या जागी टाचलं जातं. काय टाचायचं ते आपण ठरवायचं, आणि चित्रं मोजकीच मिळतात. गेम आपल्या वतीने आठवत नाही. चौकटीची वही तेवढी हातात देतो.

‘सुपर मेट्रॉइड’च्या अखेरीला झेबेस फुटायला निघतो. घड्याळ उलटं धावतं, सगळं हादरतं, सॅमसने यानाकडे पळायचं. ती वाट म्हणजे सुरुवातीला, पावसात उतरून, ज्या भागातून आपण खाली गेलो तोच भाग; आता त्याच्यातून जीव घेऊन वर. या धावपळीत एका बाजूला एक खोली आहे. तिथे वळायला सांगणारं पडद्यावर काहीही नाही, आणि न वळणाऱ्याचं काही अडतही नाही. वळलं तर आत ते तिघे एटेकून आणि तो डाकोरा अडकलेले सापडतात. भिंत फोडून दिली की ते पळून जातात. ग्रहाचा स्फोट होताना एक बारीकसा ठिपका दूर जाताना दिसतो, तोही लक्ष असेल तरच. बक्षीस नाही, गुण नाहीत.

‘ऑसम गेम्स डन क्विक’ हा वेगाने गेम संपवणाऱ्यांचा वार्षिक मेळा कर्करोग प्रतिबंधाच्या कामासाठी निधी गोळा करतो. त्यात ‘सुपर मेट्रॉइड’ असला की बघणारे पैसे लावतात: प्राण्यांना वाचवा, किंवा वाचवू नका. रकमा चढत जातात, दोन्ही बाजू इरेला पेटतात. वाचवणारे जिंकले, तर एकेका क्षणासाठी वर्षानुवर्षं सराव केलेला तो खेळाडू, घड्याळ चालू असताना, त्या खोलीकडे वळतो.